बीडमध्ये कंपवात कुणी मोजायचा?

बीड जिल्ह्यात पार्किन्सनचे, म्हणजे कंपवाताचे, रुग्ण किती असतील, हे घरबसल्या काढून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती २५ लाख ८५ हजार ४९. काश्मीरच्या कुठार खोऱ्यात घरोघर फिरून केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६३,६४५ माणसांमध्ये या आजाराचे ९ रुग्ण सापडले होते, म्हणजे लाखाला १४. तो दर बीडला लावला तर जिल्ह्यात साधारण ३६५ रुग्ण निघतात. बंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांतल्या, २००४ मध्ये छापून आलेल्या पाहणीचा दर लाखाला ३३ आहे. त्या हिशेबाने बीडमध्ये साडेआठशे. आणि मुंबईच्या पारशी वसाहतींत १४,०१० रहिवाशांमध्ये ४६ रुग्ण मिळाले होते, लाखाला ३२८. तो दर घेतला तर आकडा जातो साडेआठ हजारांच्या घरात.

३६५ की साडेआठ हजार? एका जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेसाठी हा फरक लहान नाही. ३६५ रुग्ण म्हणजे तालुक्याला तीस-पस्तीस, त्यांना अंबाजोगाईच्या एका ओपीडीत सांभाळता येईल. साडेआठ हजार म्हणजे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या औषधाच्या गोळ्यांचा कायमचा साठा हवा.

तिन्ही पाहण्या खऱ्या आहेत आणि तिन्ही बीडला लागू पडत नाहीत. पार्किन्सन हा बहुतांशी साठीनंतरचा आजार. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे, त्यामुळे रुग्णही जास्त. काश्मीरच्या खोऱ्यात तरुण लोकसंख्या जास्त. शिवाय रुग्ण सापडणे हे शोधणाऱ्यावरही अवलंबून असते. म्हातारा माणूस हळू चालतो, हात थरथरतो, चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, तर घरचे म्हणतात, वय झाले. वाताचा त्रास आहे. कुणी दवाखान्यात नेलेच तर ताकदीची सुई देऊन परत पाठवले जाते. असा माणूस कुठल्याच यादीत येत नाही.

मुंबईची पाहणी नीट झाली त्याला कारण आहे. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारशी समाज निवडला तो हा समाज ठरावीक वसाहतींत एकत्र राहतो, शिकलेला आहे, दार उघडून बोलतो म्हणून. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाच्या लेखकांत ब्रूस शोएनबर्ग हे अमेरिकेच्या सरकारी न्यूरॉलॉजी संस्थेचे साथरोगतज्ज्ञ होते. म्हणजे पद्धत बाहेरून आली, माणसे इथली, आणि प्रश्न दोघांच्या सोयीचा. यात गैर काही नाही. पण कुठला प्रश्न आधी विचारला जातो, हे तो विचारणे कुणाला परवडते यावर ठरते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. या प्रकरणाचा विषय तोच आहे: संशोधनातला पहिला, लहान, जोखमीचा पैसा.

आजाराचे यंत्र आधी थोडक्यात पाहू. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक लहान पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि त्यामुळे आपल्या हालचाली सहज होतात. पार्किन्सनमध्ये त्या पेशी एकेक करून मरतात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. त्याच्या कितीतरी वर्षे आधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जडते, झोपेत माणूस स्वप्नाबरोबर हातपाय झाडू लागतो. या खुणा कुणी पार्किन्सनशी जोडत नाही. लेव्होडोपा या औषधाने मेंदूला डोपामिनचा कच्चा माल मिळतो आणि रुग्ण बरीच वर्षे चालता-फिरता राहतो. पेशींचे मरणे मात्र त्याने थांबत नाही. ते थांबवणारे औषध अजून निघालेले नाही, आणि म्हणूनच आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावरचे संशोधन इतके मोलाचे.

या आजाराचा पहिला अभ्यास फुकटात झाला होता. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये थरथरीच्या लकव्यावर एक निबंध छापला. त्यात रुग्ण सहा. त्यातले दोघे त्याला रस्त्यात भेटलेले, आणि एकाला तर त्याने नुसते लांबून पाहिलेले! आजच्या कुठल्याही नीतिसमितीने हा प्रस्ताव हसून परत केला असता. पण डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्या माणसाला सहा रुग्णांत एक नवा आजार दिसला, तो दोनशे वर्षे टिकला.

पुढच्या टप्प्यावर भारतातले दोन धागे येतात, आणि दोन्ही वनस्पतींचे आहेत.

पहिला सर्पगंधेचा. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघांनी १९३१ मध्ये तिच्या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडावर उपयोग नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे आपले अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने १९५२ मध्ये तिच्यातला क्रियाशील घटक, रिसर्पिन, वेगळा केला. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण ताठर होतात, थरथरतात, हुबेहूब पार्किन्सनच्या रुग्णासारखे दिसतात, हे तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आले. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन देऊन निपचित पाडले, मग लेव्होडोपा टोचला, आणि ससे उठून बसले. डोपामिन आणि हालचाल यांचा संबंध इथे हाती लागला. १९६१ मध्ये व्हिएन्नात बिर्कमायर आणि होर्निकिविच यांनी तेच औषध पार्किन्सनच्या रुग्णांना टोचून पाहिले, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे काही तासांपुरती उठून चालली. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

दुसरा धागा खाजकुयलीचा. पावसाळ्यानंतर कुंपणावर लोंबणाऱ्या त्या केसाळ शेंगा मराठी मुलाला सांगाव्या लागत नाहीत, शाळेत कुणीतरी कुणाच्या तरी सदऱ्यात टाकलेल्याच असतात. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी कुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा करून दाखवला. मेंदूत डोपामिन असते आणि त्याचे काही काम असते हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे या शोधाचा उपयोग काय, असे विचारले असते तर त्या दोघांना उत्तर देता आले नसते. उपयोग वीस वर्षांनी दिसला. आणि कंपवातावर कुयलीचा प्रत्यक्ष वापर आधुनिक पद्धतीने तपासायला आणखी वीस वर्षे लागली: मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख न्यूरॉलॉजी इंडियामध्ये १९७८ मध्ये आला. पुढे त्या बियांपासून एचपी-२०० नावाची भुकटी बनवली गेली. ६० रुग्णांवर १२ आठवडे केलेला तिचा अभ्यास १९९५ मध्ये छापला. त्यातल्या ३४ जणांनी आधी कधी लेव्होडोपा घेतलेला नव्हता. रुग्णांत स्पष्ट सुधारणा दिसली. मागे उभी होती झंडू फार्मास्युटिकल वर्क्स, १९१० पासूनची मुंबईची कंपनी, आणि तीच भुकटी पुढे झंडोपा या नावाने बाजारात आली. २००४ मध्ये लंडनमध्ये फक्त आठ रुग्णांवर कुयली आणि नेहमीची गोळी यांची तुलना झाली, तेव्हा कुयलीचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला आणि गोळीचा ६८ मिनिटांत. (म्हणून कुणी कुंपणावरच्या शेंगा सोलून खाऊ नयेत. मात्रा बेभरवशाची, उलट्या ठरलेल्या, आणि चालू औषधांशी गाठ पडली तर त्रास वेगळाच.)

दोन्ही धाग्यांत एक गोष्ट सारखी आहे. ५० रुग्ण, ६० रुग्ण, एका रसायनशाळेतल्या थोड्या बिया, यांना पुरेल एवढाच पैसा सुरुवातीला लागला होता. तो कुठून ना कुठून मिळाला. नंतरचा मोठा पैसा, कारखाना, पेटंट, नोबेल, हे बहुतेक बाहेर झाले. भारताने पहिला पैसा कधीच खर्च केला नाही असे म्हणता येत नाही. खर्च केला, पण दुसरा पैसा तयार ठेवला नाही, हे म्हणणे अधिक खरे. आज भारताचा एकूण संशोधनखर्च देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे, त्यावरून पुढचे समजावे.

मोठ्या अनुदानासाठी अर्ज करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो प्राथमिक निष्कर्षांचा. तुमचे म्हणणे बरोबर असण्याची थोडी तरी चिन्हे दाखवा, मग पैसे मागा. चिन्हे मिळवायला पैसे लागतात. हे चक्र फोडण्यासाठी जगभर लहान अनुदाने निघाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आर-२१ हे अनुदान दोन वर्षांसाठी २ लाख ७५ हजार डॉलरपर्यंत मिळते आणि त्याला प्राथमिक निष्कर्षांची सक्ती नाही. पार्किन्सनच्या बाबतीत खाजगी पैसाही मोठा आहे. मायकेल जे. फॉक्स या नटाला तिशीच्या आत, १९९१ मध्ये निदान झाले. सात वर्षे त्याने ते लपवले आणि २००० मध्ये स्वतःच्या नावाची संस्था काढली. तिचे धोरण मला आवडते: देणग्या मुदतठेवीत ठेवून व्याजावर जगायचे नाही, आले की संशोधनात घालायचे. आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम तिने वाटली आहे. त्यातला बराचसा पैसा अशा कल्पनांना गेला ज्या फसू शकत होत्या, आणि बऱ्याच फसल्याही.

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला हे समजावणे सोपे आहे, कारण काम होण्याआधी दिलेला पैसा बीडइतका कुणाला ठाऊक नाही. मुकादम नवरा-बायकोच्या कोयत्याला हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत फड सुटत नाही. संशोधनाचे बीजभांडवल ही अशी उचल आहे जिची फेड उत्तराने करायची, आणि उत्तर ‘नाही’ असे निघाले तरी ती फिटली असे धरायचे. ही शेवटची अट मान्य नसेल तर संशोधक आधीच माहीत असलेल्या गोष्टीच पुन्हा सिद्ध करत बसतो.

आता बीडकडे. या जिल्ह्यात पार्किन्सनविषयी विचारण्यासारखे काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिसरी वाचकाला अनपेक्षित वाटेल.

पहिली सर्वांना सुचणारी: फवारणी. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसे जवळपास एका रात्रीत म्हाताऱ्या कंपवात-रुग्णांसारखी थिजून दवाखान्यात आली. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोधून काढले की त्यांनी घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाची भेसळ होती. मेंदूत गेल्यावर तिचे जे विष बनते ते पेशीच्या ऊर्जाघराचा पहिला टप्पा बंद पाडते, आणि त्याची रेणुरचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. तेच विष पूर्वी तणनाशक म्हणूनही तपासले गेले होते! तेव्हापासून शेतातल्या रसायनांकडे बोट वळले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतीशी संबंधित कुटुंबांच्या अभ्यासात ११० रुग्णांची ३५८ निरोगी माणसांशी तुलना केली, तर पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत पार्किन्सनचे प्रमाण अडीच पट दिसले. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकांमुळे होणारा पार्किन्सन हा शेतीतला व्यावसायिक आजार मानला. पॅराक्वाट युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे दुकानात मिळते. संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यात अंतर असते, आणि उत्पादक तेच अंतर दाखवतात. पण अमेरिकेतला शेतकरी बंद केबिनच्या ट्रॅक्टरमध्ये बसून फवारतो. गेवराई-माजलगावच्या कपाशीत फवारणारा पाठीवर पंप घेऊन, तोंडाला उपरणे बांधून, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेत चालतो. अंगावर पडणाऱ्या विषाची मात्रा दोघांची एक असणार नाही. मग परिणामाचा आकडा तरी तिथलाच कसा चालेल?

दुसरी गोष्ट बीडने स्वतःच्या अंगावर सोसली आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची गर्भाशये कमी वयात काढली जात असल्याच्या बातम्या आल्या. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खाजगी दवाखान्यांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने विधान परिषदेत सांगितले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी काढलेली’ होती, म्हणजे सहापैकी एकीची. चर्चा झाली ती पाळीची सुटी, मुकादमाचा दंड, डॉक्टरांची लूट यांची. योग्यच होती. मेंदूचा विषय त्यात कुणाला सुचण्याचे कारण नव्हते.

पण अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने मिनेसोटातल्या एका काउंटीच्या जुन्या नोंदी तपासून २००८ मध्ये दाखवले होते की पाळी जाण्याआधी बीजकोश काढलेल्या स्त्रियांत पुढे पार्किन्सनसदृश आजाराचा धोका सुमारे १.७ पट होतो, आणि शस्त्रक्रिया जितक्या कमी वयात, तितका तो जास्त. बीजकोशांतून येणारे इस्ट्रोजेन डोपामिनच्या पेशींना सांभाळते, असा त्यामागचा तर्क आहे. तो अभ्यास १९५० ते १९८७ दरम्यानच्या शस्त्रक्रियांवर उभा आहे, कारण त्या काउंटीत प्रत्येक रुग्णाचा कागद दशकानुदशके जपून ठेवलेला आहे. बीडमध्ये मेयोच्या अभ्यासाला हेवा वाटावा इतक्या स्त्रिया आहेत. कागद नाहीत. पिशवीबरोबर बीजकोश काढले की ठेवले, हाच कळीचा मुद्दा, आणि तो बाईला बहुधा कुणी सांगितलेलाच नसतो. नुसते गर्भाशय काढले तरी रजोनिवृत्तीचे वय अलीकडे येते, हे वेगळे. यातल्या बहुतेक स्त्रिया आज तिशी-चाळिशीत आहेत. पार्किन्सन व्हायचाच असेल तर तो अजून वीस-पंचवीस वर्षांनी दिसेल. म्हणजे आज यादी केली, कागद जमवले, सोनोग्राफीने बीजकोश आहेत का एवढे पाहून ठेवले, तर २०४५ मध्ये जगाला देता येईल असा अभ्यास बीडमध्ये तयार होईल. आज यादी न केल्यास तो कधीच होणार नाही. हाडे ठिसूळ होणे, हृदयविकार, स्मृती, हे प्रश्नही त्याच यादीवर सुटतील. पार्किन्सन हे त्यातले केवळ एक कारण, आणि हे काम करण्यासाठी ते एकटेही पुरेसे आहे असे मला वाटते.

तिसरी गोष्ट सीताफळाची.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धारूरच्या आणि बालाघाटच्या डोंगरात ते जवळपास रानोमाळ वाढते. आता नकाशावर बरेच दूर जाऊ. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर १९९९ मध्ये फ्रेंच डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसली. तिथल्या ८७ रुग्णांपैकी नेहमीच्या पार्किन्सनचे फक्त २२ होते. बाकीच्या बहुतेकांचा आजार अधिक उग्र, लेव्होडोपाला दाद न देणारा, तोल लवकर घालवणारा. युरोपात हे प्रमाण उलटे असते. हे रुग्ण सीताफळाच्या कुळातली फळे इतरांपेक्षा जास्त खात आणि पानांचा काढा पीत, असे आढळले. संशयाचे मुख्य फळ काटेरी सावरसॉप, पण आपले सीताफळही त्या बेटावर खाल्ले जाते आणि त्याचेही नाव चर्चेत आले. या कुळातल्या झाडांत अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात. त्यातले अ‍ॅनोनासिन उंदरांच्या मेंदूत पेशी मारते, आणि मारण्याची तऱ्हा तीच: ऊर्जाघराचा पहिला टप्पा बंद. रोटेनोनचीही तीच. आपल्या आज्या सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावत आणि ती डोळ्यांत जाऊ देत नसत. त्या पूडमध्ये कीटक मारणारी हीच द्रव्ये.

हे वाचून कुणी सीताफळ सोडण्याचे कारण नाही. ग्वादलूपचा काढा वर्षभर प्यायला जातो, आपले फळ दोन-तीन महिन्यांचे. बिया आपण थुंकतो. दख्खनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक ते खात आले आहेत, आणि मला स्वतःला उत्तर ‘काही संबंध नाही’ असेच निघेल असे वाटते. नेमके म्हणूनच हा पहिल्या पैशासाठी आदर्श प्रश्न आहे. धारूर-वडवणीच्या डोंगरी गावांत उग्र प्रकारच्या कंपवाताचे प्रमाण सपाटीपेक्षा वेगळे आहे का, एवढे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. उत्तर ‘नाही’ आले तर मानांकन मिळालेल्या फळाला निर्दोष असल्याचा दाखला मिळतो, आणि त्याचे मोल बागायतदाराला कळते. ‘हो’ आले तर जगातल्या न्यूरॉलॉजीला बीडचे नाव पाठ होईल, आणि ते आपल्याला आवडणार नाही.

तिन्ही प्रश्नांची पहिली पायरी एकच: मोजणे. पद्धत ठरलेली आहे आणि मुंबई-बंगळुरूला तीच वापरली गेली. आधी प्रशिक्षित कार्यकर्ती घरोघर जाऊन साधे प्रश्न विचारते. ज्यांची उत्तरे संशयास्पद, त्यांना नंतर न्यूरॉलॉजिस्ट तपासतो. बीडमध्ये पहिले काम आशाताई करू शकतात. प्रश्नावली मात्र इथली हवी. पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत ‘तुमचे अक्षर बारीक झाले का’ असे असते. जिने कधी लिहिलेच नाही तिला हे विचारून काय मिळणार? त्याऐवजी भाकरी थापताना हात मागे पडतो का, चोळीची बटणे लावायला वेळ लागतो का, बाजेवर कूस बदलता येते का, असे विचारावे लागेल. वासाच्या चाचणीचे तेच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रसिद्ध चाळीस वासांच्या संचात भोपळ्याची पाय आणि रूट बिअर आहे. इथे हिंग, कापूर, लसूण, रॉकेल चालेल. भारतीय वासांची एक चाचणी इथल्या संशोधकांनी तयारही केली आहे, ती मराठवाड्यात तपासून घ्यायची एवढेच.

अंबाजोगाईत १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून सांगितले जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या प्रकल्पांसाठी विद्यावेतन देते. प्रश्नावली मराठवाड्याच्या बोलीत तपासून घेणे हे असेच दोन महिन्यांचे काम आहे. त्यापुढचा टप्पा अवघड होतो. जैवतंत्रज्ञान क्षेत्रातले सरकारी बीजअनुदान ५० लाखांपर्यंत मिळते, १८ महिन्यांसाठी, पण ते ज्याच्या कल्पनेतून विकण्याजोगे काही निघेल त्याच्यासाठी. म्हाताऱ्यांची यादी विकता येत नाही. कंपन्यांचा सीएसआर आहे, २०१३ च्या कायद्याने नफ्याच्या दोन टक्के. पण तो कंपन्यांना लागू, सहकारी साखर कारखान्यांना नाही, आणि कंपन्यांनाही रुग्णवाहिकेवर नाव रंगवणे सर्वेक्षणापेक्षा सोयीचे वाटते.

एक दार उरते. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असे ठरलेले आहे. पाच लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्याचे होतात ५० लाख. सरकारच्या त्या बीजअनुदानाएवढेच. पिशवी काढलेल्या स्त्रियांची आयुष्यभराची नोंदवही हे या पैशाचे थेट काम आहे, त्यासाठी कुणाचे नियम वाकवावे लागणार नाहीत. तिच्यातच कंपवाताचे पाच-सहा प्रश्न घातले की पहिला पैसा उभा राहिला. त्या नोंदवहीवर पुढे परिषदेकडे, फॉक्स संस्थेकडे, कुणाकडेही जाता येईल, कारण प्राथमिक निष्कर्ष हाती असतील.

वेळेचे गणित मात्र आधी बसवावे लागेल. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, आणि उन्हाळ्यात परततात. मागे गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. म्हणजे वृद्धांची मोजणी हंगामातही होऊ शकते, आणि त्यांच्याकडे बोलायला वेळही असतो. बायकांच्या नोंदवहीसाठी जून ते सप्टेंबर एवढाच काळ मिळतो, त्यातही पेरणी आणि खुरपणीचे दिवस सोडून, संध्याकाळी, चुली पेटायच्या आधी. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होते, मंजुरी पावसाळ्यात निघते आणि पैसा खात्यावर येईपर्यंत दिवाळी होते. तेव्हा बाई कोल्हापूरच्या फडात असते आणि आशाताई कुलूप लागलेल्या घरासमोर. हे काम ज्याला करायचे आहे त्याला पैसा मे संपायच्या आत हातात लागेल.